उत्सवमूर्ती

भाद्रपद शुद्ध पंचमीला, घरोघरी गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तासगावात रथ निघतो. सून म्हणून सांगलीला आले त्या पहिल्याच भाद्रपदात सासूबाईंनी मला तो दाखवायला नेले, आणि रथ दिसण्याच्या आधी, गावात शिरता शिरताच, मला दिसले ते गोपुर. मी साताऱ्याकडची, देऊळ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे कृष्णेच्या पाण्यात पायऱ्या सोडून बसलेली संगम माहुलीची काळी देवळे यायची, किंवा वाईचा ढोल्या गणपती, ज्याच्या पाठीमागची भिंत गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली माशाच्या आकाराची बांधून घेतली, म्हणजे पुराचे पाणी देवळावर न आदळता दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे. अशा, नदीशी जुळवून घेऊन राहिलेल्या देवळांची सवय असलेल्या मला ते सात मजल्यांचे, वर निमुळते होत गेलेले, पावसाळी आभाळात एकटेच उभे असलेले प्रवेशद्वार पाहून क्षणभर वाटले, की हे इथले नव्हे. कोणीतरी फार लांबून उचलून आणून इथे ठेवले असावे. सासूबाईंना तसे बोलून दाखवले, तर त्या म्हणाल्या, "आणलंयच ते. भाऊंनी आणलं, कर्नाटकातनं."

परशुरामभाऊ पटवर्धनांचा उल्लेख आमच्या भागातली जुनी माणसे अशीच करीत, घरातल्या वडीलधाऱ्याचा करावा तशी. त्या माणसाच्या हयातीतला फार मोठा काळ दक्षिणेच्या मुलखात गेला. आधी हैदर, मग टिपू. धारवाडचा वेढा, श्रीरंगपट्टणावरची चाल, पावसाळ्यात अडलेली छावणी, फौजेचा थकलेला खर्च, पुण्याहून येणारी हुजूरची पत्रे, या सगळ्या धबडग्यात त्याची नजर गोपुरांवर गेली आणि तिथे ठरली, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. तासगावच्या देवळाचे काम १७७९ साली सुरू झाले. ते पुरे व्हायला वीस वर्षे लागली, आणि ज्या १७९९ साली ते पुरे झाले त्याच साली भाऊ पट्टणकुडीच्या लढाईत पडले. तेव्हा आपण उभारलेले गोपुर त्यांनी किती वेळ डोळे भरून पाहिले असेल, हा विचार मला दर वर्षी त्या दाराखालून आत जाताना येतो.

रथाचे मात्र तेव्हा मला फारसे काही कळले नाही. तीन मजली उंच रथ, त्याला बांधलेले जाड दोर, त्या दोरांना हात लावायला मिळावा म्हणून लोटलेली माणसे, गुलालाने लाल झालेला रस्ता, एवढेच आठवते. सासूबाईंनी कानाशी तोंड आणून सांगितले, की गणपती आता वडिलांना भेटायला निघालाय. समोर काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे, तिथपर्यंत रथ जाणार, बापलेकांची भेट होणार, आणि मग रथ परत फिरणार. "परत फिरणार" हे शब्द त्यांनी जरा जोर देऊन उच्चारले होते, असे आता वाटते. पण वय वाढले की जुन्या वाक्यांत आपण असे अर्थ भरीत जातो, तेव्हा त्याबद्दल मी शपथ घेणार नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी, यजमान नोकरीतून निवृत्त झाल्यावर, आम्ही दोघे मिरजेहून रेल्वेने दक्षिणेला निघालो. त्या प्रवासात आधी बंगळूरची लालबाग झाली आणि नंतर तंजावर; परंतु लालबागेत काय पाहिले याचा अर्थ मला तंजावरात लागला, म्हणून तंजावरचे आधी सांगते.

माझे वडील साताऱ्यात मामलेदार कचेरीत कारकून होते. मोडी वाचण्यात त्यांचा हात धरणारे कचेरीत कोणी नव्हते, आणि जुने दस्तऐवज, इनामांच्या सनदा, वहिवाटीचे तंटे घेऊन लांबलांबची माणसे आमच्या घरी येत. वडिलांच्या तोंडी तंजावरचे नाव वारंवार असे. साताऱ्याच्या गादीचा भाऊबंद तिकडे, कावेरीच्या काठी, राज्य करून गेला. शहाजीराजांचा मुलगा एकोजी याने ते राज्य उभे केले आणि त्याच्या वंशजांनी ते पावणेदोनशे वर्षे चालवले. वारस नामंजूर करून कंपनी सरकारने सातारा १८४८ साली खालसा केला आणि तंजावर १८५५ साली. अशी ती हकिकत ते इतक्या आपुलकीने सांगत, की लहानपणी मला तंजावर हे कोरेगाव-रहिमतपूरच्या पलीकडचे एखादे गाव वाटे. ते स्वतः तिथे कधी गेले नाहीत. त्या काळी कारकुनाच्या पगारात काशी व्हायची ती सुद्धा म्हातारपणी.

बृहदीश्वराच्या देवळासमोर प्रथम उभे राहिले तेव्हा मान मागे टाकून शिखर पाहता पाहता डोक्यावरचा पदर पडला, तो सावरायचे भान मला राहिले नाही. राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरे केले. त्याचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे, आणि विशेष असे की इथे दाराचे गोपुर ठेंगणे आणि गाभाऱ्यावरचे शिखर उत्तुंग आहे. पुढच्या शतकांत तमिळ देशात हे प्रमाण उलटत गेले, दारे आभाळाला भिडली आणि गाभारे त्यांच्या सावलीत लहान राहिले. भाऊंनी पाहिली ती या पुढच्या काळातली घडण. परंतु मला तिथे ओढून नेले ते शिखराने नव्हे. देवळाच्या प्रशस्त आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरवून ठेवला आहे. तो मराठीत आहे आणि देवनागरी अक्षरांत आहे. चहूकडे तमिळ लिपी, कानांवर तमिळ शब्द, ऊन असे की दगडावर पाय ठरेना; आणि त्या सगळ्यात एका भिंतीवर ओळीमागून ओळ, हात पोचेल त्याच्या वरपर्यंत, माझी भाषा. मी वाचू लागले. शब्द जुन्या वळणाचे, मधले कित्येक झिजलेले, तरी नावे लागत होती. मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी. वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरांनी मी त्यांच्या न झालेल्या प्रवासाची एकेक ओळ वाचीत होते, आणि यजमान छत्री धरून शेजारी उभे होते. घाई करा, असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

तिथेच एका वृद्ध गृहस्थांशी ओळख झाली. त्यांच्या घरात अजून तंजावरी मराठी बोलली जाते. सात-आठ पिढ्या तमिळ देशात मुरलेली ती मराठी ऐकताना प्रथम अर्थ लागत नाही आणि मग एकाएकी, आजोळच्या घरातल्या एखाद्या फडताळाचा वास यावा तसा, सगळा अर्थ लागतो. त्यांनी आम्हांला राजवाड्यातल्या कलादालनात चोळकाळच्या धातुमूर्ती दाखवल्या आणि त्या मूर्तींच्या बैठकीकडे बोट केले. मी आतापर्यंत नटराजाचा पाय पाहत होते, पार्वतीच्या कमरेची लवण पाहत होते. बैठकीकडे माझे लक्षही नव्हते. त्या बैठकींना छिद्रे होती, काहींना कड्या होत्या. त्यांतून दांडे ओवायचे आणि दांडे खांद्यावर घ्यायचे. ते म्हणाले, की आमच्याकडे प्रत्येक देवळात देव दोन असतात. एक मूलवर, तो दगडाचा, गाभाऱ्यात रुजलेला, तो कधी हलत नाही. त्याच्याकडे माणसाने जायचे. दुसरा उत्सवर, तो धातूचा, खांद्यावरून आणि रथातून निघतो. ज्याला देवळापर्यंत येता येत नाही, आजारी आहे, म्हातारा आहे, किंवा ज्याला एके काळी देवळात येऊच दिले जात नव्हते, त्याच्या दारापुढून तो जातो. चिदंबरम् तेवढे निराळे. तिथे गाभाऱ्यातला नटराज स्वतःच वर्षातून दोनदा रथात बसून बाहेर येतो. पण कोणताही देव बाहेर निघाला, तरी रात्रीपर्यंत, उत्सव संपेपर्यंत, त्याने आपल्या जागी परत आले पाहिजे. न परतणाऱ्या मिरवणुकीला आमच्याकडे उत्सव म्हणत नाहीत.

मला तासगावच्या रस्त्यावरचा गुलाल आठवला.

आता लालबागेचे. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते, आणि दुसरे प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास. ज्या बंगळूरात शहाजीराजांची जहागीर होती, जिथे त्यांची काही मुले लहानाची मोठी झाली, त्याच शहराच्या वेशीवर हैदरअलीने १७६० साली या बागेची सुरुवात केली, आणि टिपूने तीत दूरदूरच्या देशांतून रोपे आणवून लावली. १८८९ सालचे काचघर हे नंतरच्या राजवटीचे. त्या काचघरात फुलांनी मढवलेली एक मोठी वास्तू उभी केलेली होती, तिच्यासाठी लाखो फुले लागली होती, आणि तिच्याभोवतीने माणसांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गुलाब, शेवंती, कार्नेशन, अँथुरियम, ऑर्किड, कुंड्यांच्या पायऱ्याच पायऱ्या. माझ्या पुढे एक बांधकामावरचा मजूर होता. त्याच्या खांद्यावर मुलगी बसलेली, आणि ती प्रत्येक रंगापाशी बापाचे केस ओढून त्याला थांबवीत होती. तोही थांबत होता. मागच्या माणसांचा रेटा येई, तरी थांबत होता.

त्या वेळी मला ते सगळे जरा अंगावर आले होते, हे कबूल केले पाहिजे. खुडलेली फुले, तारेत ओवलेली फुले, विजेच्या दिव्यांखाली घाम येणारी फुले. माझे मन सारखे म्हणत होते, की हे माझ्या साताऱ्याच्या डोंगरावरच्या सड्यावर आपोआप उगवणाऱ्या फुलांसारखे नव्हे. तंजावरला त्या बैठकीतली छिद्रे पाहिली आणि मी त्या प्रदर्शनावर केलेला अन्याय माझा मला कळला. ती फुले उत्सवमूर्ती होती. ती त्या मुलीच्या उंचीवर आली होती. ज्याला कुठल्या डोंगरावर जायला सवड नाही, पैसा नाही, मुकादमाची रजा नाही, त्याच्या खांद्याच्या उंचीवर ती दहा-बारा दिवस येऊन बसली होती, आणि त्यांना तिथवर आणण्यासाठी कितीतरी माळ्यांनी महिनोन् महिने आधी बी पेरून, फुलण्याची तिथी नेमकी साधण्यासाठी दिवस मोजले होते. त्याला मी सड्याचा गज लावायला निघाले होते.

परंतु उत्सवमूर्तीला मोठेपण येते ते गाभाऱ्यात मूळमूर्ती आहे म्हणून. आणि फुलांची मूळमूर्ती कुठे असेल तर ती माझ्या माहेरी आहे.

सातारा शहरातून यवतेश्वराचा घाट चढून पंचवीस किलोमीटर गेले, की कासचे पठार लागते. आम्ही त्याला पठार म्हणत नव्हतो. कासचा सडा म्हणत होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माथा, ज्यावर मातीचा थर काही ठिकाणी चार बोटेही नसतो. उन्हाळ्यात त्यावर उभे राहिले तर तव्यावर उभे राहिल्यासारखे वाटते आणि इथे गवताची काडी तरी उगवेल का, अशी शंका येते. मग मृग लागतो. तीन महिने धुके आणि पाऊस त्या दगडाला सोडीत नाहीत. दगडातल्या खळग्यांत पाणी साठते, माती इतकी निकस की वनस्पतीला खायला काही मिळत नाही. आणि या अशा हलाखीतूनच त्या माथ्याने असे काही कुळाचार सांभाळले आहेत, की जे पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी आढळतात. जमिनीत सत्त्व नाही म्हणून सीतेची आसवे ही नाजूक जांभळी फुले मातीतल्या इवल्या पिशव्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव धरून खातात. दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते. टोपली कारवी सहा वर्षे नुसती पाने घेऊन बसते आणि सातव्या वर्षी एकदाच सगळी फुलते. पांढरे गेंद, पिवळी सोनकी, कवल्याची पिवळी फुले, जांभळी मंजिरी, चवर, पंद, कंदीलपुष्प, राजमार्गाच्या वाटेवरच्या तळ्यातली पांढरी कुमुदिनी. साडेआठशेच्या घरात जाती मोजल्या आहेत म्हणतात, आणि त्या सगळ्या एकदम कधी भेटत नाहीत. आठ-दहा दिवसांनी सड्याचा रंग बदलतो. एका भाद्रपदात दोनदा गेलात तर दोन निराळे सडे पाहून याल.

वडील मला तिथे पायी नेत. यवतेश्वरापर्यंत चढायचे, देवळात पाणी प्यायचे, पुढे माथ्यावरून चालत राहायचे. तेव्हा तिथे फुलांसाठी कोणी येत नसे. कासच्या तलावाचे पाणी शहराला येई, त्या पाण्याच्या कामाची माणसे, गुराखी, आणि एखाददुसरा कॉलेजातला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, एवढीच वहिवाट. फुलांची नावे आम्हांला गुराख्यांच्या पोरांनी सांगितली. त्यांतच त्यांनी वायतुरा दाखवला. पाणथळ जागी पाण्यातून वर आलेला एक देठ, टोकाला दुभंगलेला, त्या दोन फाट्यांवर गुलाबी-जांभळट बारीक फुले. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच आता साताऱ्याचे नाव आहे. इतकी ती या डोंगरांची आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला मी माहेरी गेले होते. आमच्याकडे गौर तेरड्याची. शेताच्या बांधावरचा तेरडा मुळासकट उपटून आणायचा, त्याला घरात पावलांपावलांनी घ्यायचे, तीन दिवस जेवूखाऊ घालायचे आणि बोळवण करायची. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो, ते क्षणभंगुरतेवर बोट ठेवण्यासाठी. पण माहेरवाशिणीला तीन दिवस हा हिशेब निराळ्याच रीतीने लागतो. त्या वर्षी गौरी गेल्यावर वडिलांबरोबर सड्यावर गेले आणि परतताना मी वायतुऱ्याचा एक कंद उकरून घेतला. कोणी अडवणारे नव्हते. ओल्या शेवाळात गुंडाळून, पितळी डब्यात ठेवून, मांडीवर धरून तो मी सांगलीला आणला, आणि वाड्याच्या मागल्या अंगणात पसरट घंगाळात लावला. सांगलीची माती म्हणजे कृष्णेची काळी, खोल, लोण्यासारखी माती. जिथे ऊस आणि हळद मातते. मी त्याला तीच माती दिली. सातारच्या दगडावर जे उपाशी जगले होते त्याला मी पोटभर वाढले, आणि तो कंद पंधरा दिवसांत कुजून गेला.

सासूबाई रागावल्या नाहीत. घंगाळातली माती तुळशीत टाकून त्यांनी ते घासले, पालथे घातले, आणि म्हणाल्या, "गौर येते ती परत जाण्यासाठी येते. हिला तू परत जायची वाटच ठेवली नव्हतीस."

या वाक्याची मला तेव्हा नुसती लाज वाटली. पण प्रवासातून परतल्यावर, घरच्या मुलखाकडे पुन्हा पाहताना, ते वाक्य मला पुष्कळ ठिकाणी भेटू लागले. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांच्या वाड्यामागच्या घाटावर, एका लहानशा देवळीत एक मोठी घंटा टांगली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर आलेल्या फिरंगी घंटांपैकी ती एक. तीवर १७०७ हे साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. तिचा नाद मी ऐकला आहे. कृष्णेवर तो फार लांबवर जातो. ती जिथे वाजावी म्हणून ओतली गेली तिथली माणसे ती ऐकायला येणार नाहीत, हे त्या नादात मला दर वेळी ऐकू येते. आमची सांगली तर उभीच राहिली मुळी अशा एका नेण्यातून. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन चुलत्यांशी बेबनाव झाल्यावर १८०१च्या सुमारास मिरजेहून निघाले ते घरची गणपतीची मूर्ती बरोबर घेऊन, अशी हकिकत सांगतात, आणि मग त्या गणपतीपायी कृष्णाकाठच्या एका लहान गावाचे संस्थान झाले. तो देव सांगलीत रुजला. नेलेले सगळेच कुजत नाही, हेही खरे आहे, आणि त्याचा निवाडा करायला मी बसलेली नाही.

एका गोष्टीचा निवाडा मात्र माझ्या मनात झालेला आहे. १७९१ साली, टिपूवरच्या मोहिमेत, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. आदिशंकराचार्यांची गादी, शारदेचे ठाणे. माणसे मारली गेली, मठाची चीजवस्तू गेली, शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली. मठाच्या स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि शारदेची पुन्हा स्थापना व्हावी म्हणून पैसा आणि धान्य देवविले ते टिपूने. त्याची कन्नड पत्रे मठाच्या दप्तरात होती, ती १९१६ साली उजेडात आली. लुटारू टोळ्यांनी केले, सरदारांचा हुकूम नव्हता, असे आमच्याकडे सांगण्याची वहिवाट आहे, आणि त्यात तथ्य असेलही. पण ज्या घराण्याचे गोपुर पाहून मी पन्नास वर्षे हात जोडते आहे, त्याच घराण्याच्या निशाणाखाली हे घडले, ही गोष्ट मी नातीपासून लपवलेली नाही. एका सरदाराने दक्षिणेच्या देवळांचा आकार डोळ्यांत साठवून आणला, तिथला एक चिराही न हलवता. आणि त्याच फौजेतल्या हातांनी मूर्तीवरचे दागिने ओरबाडले. आकार आणला त्याला वीस वर्षे लागली. ओरबाडायला एक दिवस पुरला असेल.

कासवर आता वर्दळ फार आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासही आले, आणि माझ्या वडिलांचा निर्मनुष्य सडा साऱ्या देशाला ठाऊक झाला. याचे मला वाईट वाटत नाही. मूळमूर्तीच्या दर्शनाला माणसे येणारच. वाईट वाटते ते फुलांवर पालथे पडून छायाचित्रे काढणाऱ्यांचे, आणि रोपटे उपटून पिशवीत घालणाऱ्यांचे, कारण त्यांच्या हातांत मला माझा पितळी डबा दिसतो. गर्दी आवरण्यासाठी सड्याला जाळीचे कुंपण घातले, तेव्हा मला ते पटले होते. पण पुढे आसपासच्या गावांतली माणसे सांगू लागली, की गुरे आत जाईनाशी झाल्यापासून गवत माजले, फुले दबली. चरणाऱ्या गुरांनी गवत खाल्ले तरच खालच्या इवल्या झाडांना ऊन मिळते. शेवटी ते कुंपण काढण्यात आले. गुराख्यांची पोरे आम्हांला नावे सांगत, तेव्हा त्या नावांबरोबर त्या फुलांचा सांभाळही त्यांच्याकडेच होता, हे कुंपण घातल्यावर आम्हा शहाण्यांना कळले. आता रोज किती माणसे सोडायची त्याला मर्यादा आहे, आगाऊ नोंदणी आहे, शुल्क आहे, गावांच्या समितीची तरुण मुले वाट दाखवायला आहेत. मला हा बंदोबस्त आवडतो. देवळातही चप्पल काढावी लागते.

गेल्या भाद्रपदात नातीला घेऊन मी दोन्ही केले. पंचमीला तासगाव, तिने दोराला हात लावला, आणि रथ विश्वेश्वरापाशी पोचल्यावर तिने विचारले, की गणपती वडिलांना भेटून लगेच का निघतो, राहत का नाही. मी म्हटले, त्याच्या घरी वाट पाहतात. गौरींची बोळवण झाल्यावर आम्ही साताऱ्याला आलो. माहेरचे घर आता नाही. ते विकले त्यालाही बरीच वर्षे झाली. तेव्हा मुक्काम भाड्याच्या खोलीत, आणि सकाळच्या नोंदणीप्रमाणे सड्यावर.

घाट चढतानाच धुके दाटले होते. वर पोचलो तर चार हातांपलीकडचे दिसेना. बरोबर आलेली माणसे हिरमुसली. एवढे पैसे खर्चून, एवढ्या लांबून येऊन फुलांचे गालिचे दिसणार नाहीत, म्हणून कोणी वाट दाखवणाऱ्या मुलाशी हुज्जतही घालू लागले. तो बिचारा म्हणत होता, की थांबा, वारा सुटला की उघडेल. वारा काही सुटला नाही. थोड्या वेळाने बहुतेक माणसे गाड्यांत जाऊन बसली. वाटेच्या कडेला एक सपाट दगड होता, त्यावर मी टेकले. नात माझ्या पायांशी उकिडवी बसली आणि तशीच बसून राहिली, तेव्हा मी वाकून पाहिले. दगडातल्या वीतभर खळग्यात पाणी होते आणि त्या पाण्याच्या कडेने सीतेची आसवे उभी होती, करंगळीएवढी, प्रत्येकीच्या जांभळ्या ओठावर धुक्याचा एक थेंब. तिने हात पुढे केला, माझ्याकडे पाहिले, आणि हात मागे घेतला. मग दप्तरातून वही काढली. कागद ओला होत होता, पेन्सिल उमटेना. तिने ओढणीच्या टोकाने पान टिपले आणि देठापासून, खालून वर, हळूहळू रेघ काढायला सुरुवात केली.